शाळेच्या आधी व्हिसा





मार्च-एप्रिल आला की आमच्या कार्यालयात दोन प्रकारचे पालक येतात. काहींना आपल्या पाल्याला शाळेत घालायचे असते आणि काहींना शाळेतून काढायचे असते. पूर्वी टी.सी. मागायला येणाऱ्यांची बदली पुण्याला, मुंबईला, फार तर भोपाळला किंवा नागपूरला झालेली असे. आता दुबई, सिंगापूर, सिडनी ही नावे कानावर येतात. २०१९ साली इंदूरहून दुबईला थेट विमान सुरू झाले, तेव्हा आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत आनंद झाला. मुलगा-सून तिकडे आणि आजी-आजोबा इकडे, असे संसार आपल्याकडे आता नवलाचे राहिलेले नाहीत.

जाणाऱ्या पालकांशी आम्ही दहा-पंधरा मिनिटे बोलतो, तेव्हा एक गोष्ट दर वेळी लक्षात येते. तिकडच्या शाळेची त्यांना बारीकसारीक माहिती असते. इमारत कशी, पोहण्याचा तलाव आहे की नाही, फी किती, बस कुठे थांबते, सगळे पाठ असते. पण आम्ही विचारतो, “मुलाचा व्हिसा कुणाच्या नावावर आहे? तुमची नोकरी गेली तर शाळेचे काय? वहिनींना तिकडे काम करता येईल का?” तेव्हा उत्तर येते, “ते कंपनी बघते,” किंवा “ते एजंटला विचारतो.”

आमचे म्हणणे एवढेच आहे, की परदेशात शाळेच्या आधी व्हिसा बघावा. आपल्या गावात मुलाची शाळा वडिलांच्या नोकरीवर अवलंबून नसते. नोकरी गेली तर फी भरायला चार महिने उशीर होईल, पण मूल वर्गात बसेल. परदेशात तसे नाही. तिथे शाळेतली जागा त्या देशात राहण्याच्या परवान्याला बांधलेली असते, आणि तो परवाना दुसऱ्याच कशाला तरी बांधलेला असतो. कशाला, हे आधी समजून घ्यायला हवे.

ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात मूल आईच्या किंवा वडिलांच्या नोकरीमुळे तिथे राहते. दुसऱ्यात उलट असते. मुलाला शाळेचा परवाना मिळतो आणि त्याला सांभाळणारा म्हणून आई किंवा वडील तिथे राहतात. दोन्हींचे फायदे-तोटे अगदी वेगळे आहेत.

नोकरीच्या आधारावर

आपल्याकडचे बहुतेक पालक पहिल्या प्रकारात मोडतात. संयुक्त अरब अमिरातीचे उदाहरण घेऊ. तिथे नोकरी करणारा माणूस पत्नी आणि मुलांना आपल्या जबाबदारीवर नेऊ शकतो. २०१९ पासून त्यासाठी हुद्द्याऐवजी पगार पाहतात. तो महिन्याला किमान ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० दिरहॅम आणि राहण्याची सोय, एवढा असावा लागतो. ही परवान्यापुरती अट झाली. एवढ्या पगारात चांगल्या शाळेची फी आणि घरभाडे निघेल असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. अविवाहित मुलाला पूर्वी साधारणपणे अठराव्या वर्षापर्यंतच असे ठेवता येई. २०२२ च्या नियमांनी ही मर्यादा २५ वर्षे केली. अविवाहित मुलीला वयाची अट नाही.

सिंगापूरचे नियम जास्त कडक आहेत. तिथे ‘एम्प्लॉयमेंट पास’ किंवा ‘एस पास’वर काम करणाऱ्याचा ठरलेला मासिक पगार किमान ६,००० सिंगापूर डॉलर असेल, तरच त्याला पत्नी आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुलांसाठी ‘डिपेंडंट्स पास’ मागता येतो. त्यातच एम्प्लॉयमेंट पाससाठी नव्याने अर्ज करणाऱ्यांना सप्टेंबर २०२३ पासून गुणांची पद्धत लागू झाली. पगार, शिक्षण, कंपनीत कोणत्या देशांचे किती लोक आहेत, अशा गोष्टींचे गुण मोजतात. म्हणजे नुसती नोकरी मिळून भागत नाही.

आणखी एक गोष्ट. पूर्वी सिंगापुरात डिपेंडंट्स पासवर गेलेल्या पत्नीला एका संमतिपत्रावर सहज नोकरी करता येई. १ मे २०२१ पासून ती सोय बंद झाली. स्वतःचा धंदा चालवणाऱ्यांचा अपवाद सोडला, तर आता तिला स्वतःच्या पात्रतेवर वेगळा कामाचा परवाना काढावा लागतो. “दोघे कमावू आणि मुलांना आंतरराष्ट्रीय शाळेत घालू” असा हिशेब करून निघालेल्या जोडप्यांनी हे आधीच पाहावे.

नोकरी सुटली तर काय होते, हे मात्र कुणी आनंदाने सांगत नाही. सिंगापुरात नोकरीचा पास रद्द झाला, की त्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांचे पासही जातात आणि आवराआवरीसाठी साधारण ३० दिवस मिळतात. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्यांना २०१७ पासून जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत आहे. अमिरातीत पूर्वी ३० दिवस मिळत. २०२२ च्या नियमांनी मुदत वाढवली आणि काही गटांना ती सहा महिन्यांपर्यंत मिळते. पण तीस दिवस असोत वा साठ, शाळेचे सत्र त्या तारखा पाहून संपत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्याकडे पाचवीपर्यंत शिकलेला एक मुलगा आई-वडिलांबरोबर आखाती देशात गेला. तिथे त्याला ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत घातले. चार वर्षे उत्तम गेली. मुलगा हुशार, फुटबॉलच्या संघातही होता. नववीत असताना वडिलांच्या कंपनीने माणसे कमी केली आणि नोव्हेंबर महिन्यात हे कुटुंब सामान बांधून इंदुरात परत आले. मंडळाची नववीच्या नामांकनाची मुदत उलटून गेली होती. हिंदी तीन वर्षे सुटलेली, सामाजिक विज्ञानाचा अभ्यासक्रम पूर्ण वेगळा. आम्ही मंडळाला पत्रे लिहिली, भोपाळला दोन वेळा जाऊन आलो, पण उपयोग झाला नाही. मुलाने पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा नववीतूनच सुरुवात केली.

त्याची आई आमच्यासमोर बसून एवढेच म्हणाली, “सर, तिथे सी.बी.एस.ई.ची शाळा घरापासून वीस मिनिटांवर होती. आम्हीच नको म्हटलं.”

वडिलांची नोकरी गेली यात कुणाचा दोष नाही. पण परतीचा रस्ता शाळा निवडतानाच अरुंद झाला होता.

मुलाच्या शाळेच्या आधारावर

आता दुसरा प्रकार. वडील अशा ठिकाणी कामावर असतात, जिथे कुटुंब नेता येत नाही किंवा धड शाळा नसते. खाणीचे काम असेल, समुद्रातल्या तेलविहिरी असतील किंवा जहाजावरची नोकरी असेल. मग मुलाला तिसऱ्याच देशातल्या शाळेत घालायचे आणि आईने त्याच्याबरोबर राहायचे, असा विचार होतो. काही देशांनी यासाठी वेगळे परवाने ठेवले आहेत.

सिंगापुरात विद्यार्थी पासवर शिकणाऱ्या मुलाबरोबर आईला किंवा आजीला दीर्घ मुदतीचा भेटीचा परवाना मागता येतो. वाचकांनी लक्षात घ्यावे, की या गटात आई आणि आजीच आहेत, वडील आणि आजोबा नाहीत. ब्रिटनमध्ये ‘पेरेंट ऑफ अ चाइल्ड स्टुडंट’ हा व्हिसा आहे. मूल ४ ते ११ वर्षांचे, फी भरून खासगी शाळेत शिकणारे असावे लागते. पालकांपैकी एकालाच हा व्हिसा मिळतो आणि मुलाला बारा वर्षे पूर्ण झाली की तो संपतो. खर्चासाठी दरमहा १,५६० पौंड या हिशेबाने नऊ महिन्यांपर्यंतची रक्कम दाखवावी लागते. ऑस्ट्रेलियात ‘स्टुडंट गार्डियन’ व्हिसा आहे, क्रमांक ५९०. तो साधारणपणे अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याबरोबर राहणाऱ्यासाठी असतो. थायलंडमध्येही शाळेत शिकणाऱ्या परदेशी मुलाच्या एका पालकाला एकेक वर्षाची मुदतवाढ मिळते. त्यासाठी तिथल्या बँकेत ५ लाख बाथ ठेवलेले दाखवावे लागतात.

अमेरिकेत मात्र अशी सोय नाही. मुलाला खासगी शाळेसाठी विद्यार्थी व्हिसा मिळाला, तरी त्यामुळे आई-वडिलांना तिथे राहण्याचा हक्क मिळत नाही. त्यांना पाहुणे म्हणून भेटीच्या व्हिसावर जावे आणि परत यावे लागते. विद्यार्थी व्हिसावर तिथल्या सरकारी शाळेत आठवीपर्यंत शिकता येत नाही. त्यापुढच्या वर्गांत जास्तीत जास्त बारा महिने शिकता येते, तेही पूर्ण खर्च भरून. हा नियम १९९६ पासून आहे. वडिलांच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर गेलेल्या मुलांना तो लागू नाही. ती सरकारी शाळेत जाऊ शकतात. याचा अर्थ, देश एकच, शाळाही कदाचित एकाच गल्लीतली, पण व्हिसा कोणता यावर मुलाला दार उघडते की नाही हे ठरते.

पालक म्हणून मिळणाऱ्या परवान्यांत एक अट जवळजवळ सगळीकडे सारखी आहे. काम करायचे नाही. ब्रिटनमध्ये नाही, ऑस्ट्रेलियात नाही, थायलंडमध्ये नाही. सिंगापुरात पहिले वर्षभर तर नाहीच. न्यूझीलंडमध्ये वेगळा अर्ज करून मंजुरी मिळाली, तर सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊ ते दुपारी अडीच या वेळात, म्हणजे मूल शाळेत असताना, अर्धवेळ काम करता येते. बाकी ठिकाणी आईने शाळेच्या वेळात काय करावे, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

आमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई अकरा वर्षांच्या नोकरीनंतर राजीनामा देऊन अशाच एका परवान्यावर मुलाबरोबर गेल्या. यजमान आफ्रिकेत खाणीच्या कामावर होते. दोन वर्षांनी सुट्टीत आल्या तेव्हा भेटायला आल्या. मुलगा छान शिकत होता, इंग्रजी फाडफाड बोलत होता. बाई म्हणाल्या, “सर, अकरा वर्षं घंटा झाली की मी वर्गात जायचे. आता घंटा झाली की गेटबाहेर उभी राहते. शेजारच्या मुलीला गणित अडतं, पण पैसे घेऊन शिकवलं तर नियमभंग होतो.” पुढे त्याच म्हणाल्या, “पस्तावले नाही मी. पण हे जाण्याआधी कुणी सांगितलं असतं, तर मनाची तयारी करून गेले असते.”

त्यांच्या या वाक्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला.

आमचे स्पष्ट मत असे आहे, की घरात दुसरा काही इलाज असेल तर बारा वर्षांखालच्या मुलासाठी कुटुंबाचे तीन ठिकाणी तुकडे करू नयेत. नाव कितीही मोठे असो, कोणत्याही शाळेत मुलाला बापाची रोजची सोबत मिळत नाही आणि आईची गेलेली नोकरी तर कुणीच परत देत नाही. सगळा हिशेब फी आणि विमानाच्या तिकिटाचा होतो. आईने सोडलेला पगार, तिचा भविष्य निर्वाह निधी, तिची बढती, हे कुणी कागदावर मांडत नाही. ते मांडावे. मांडल्यावरही जावेसे वाटले, तर जरूर जावे. पण तो निर्णय आईनेही घेतलेला असावा. तिच्यासाठी इतरांनी घेतलेला नसावा.

काही वाचक म्हणतील, “प्राचार्य जुन्या वळणाचे आहेत, मुलांना जग बघू द्या.” आमचा जग बघायला विरोध नाही. इंदुरात राहणारे आपण सगळेच कधीतरी बाहेरून आलेले. होळकरांच्या चाकरीत आपले पूर्वज या माळव्यात आले. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आली, तेव्हा आणखी घराणी आली. त्यांना व्हिसा लागला नाही, पण मुलांच्या शिक्षणाची काळजी त्यांनाही होतीच. आपल्यासारख्या शाळा त्या काळजीतूनच उभ्या राहिल्या. मुलाने घरी, शाळेत आणि गावात कुठली भाषा बोलायची, याचा विचार त्यांनी केला होता. आजच्या जाणाऱ्यांनीही तो करावा, एवढेच आम्ही म्हणतो.

शाळा कशी निवडावी

व्हिसा समजला की शाळेची निवड सोपी होते. नोकरी दोन-तीन वर्षांच्या कराराची असेल आणि परत इंदुरात किंवा भारतात यायचे असेल, तर तिथे सी.बी.एस.ई.ची शाळा असल्यास ती आधी पाहावी. आखाती देशांत अशा शाळा भरपूर आहेत आणि सिंगापुरातही आहेत. अमिरातीतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, ब्रिटिश आणि अमेरिकन अभ्यासक्रमाच्या ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये. ऑस्ट्रेलियात वर्ष जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत सुरू होते. मधल्या महिन्यांत गेल्यास मुलाचे अर्धे वर्ष वाया जाऊ शकते किंवा ते एका वर्गाने पुढे-मागे होऊ शकते.

नववी ते बारावी ही वर्षे तर फार जपून हाताळावीत. सी.बी.एस.ई.मध्ये नववी-दहावी हा एक जोड आणि अकरावी-बारावी हा दुसरा जोड मानतात. थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश सहसा मिळत नाही. बदलीसारखे सबळ कारण असले, तरी मंडळाची परवानगी लागते. म्हणून शक्य असेल तर आठवीनंतर किंवा दहावीनंतर हलावे, मध्ये हलू नये.

ज्यांना कायम तिकडेच राहायचे आहे, त्यांनी पुढचाही विचार करावा. अमिरातीत दहा वर्षांचा ‘गोल्डन व्हिसा’ मिळालेल्या कुटुंबाला एका कंपनीच्या मर्जीवर राहावे लागत नाही, पण तो मिळण्याच्या अटी मोठ्या आहेत. सिंगापुरात कायम निवासाचा परवाना मिळाला की बरे वाटते. मात्र आई-वडिलांबरोबर कायम निवासी झालेल्या मुलाला मोठा झाल्यावर दोन वर्षांची राष्ट्रीय सैनिकी सेवा करावी लागते. ती टाळून परवाना सोडला, तर पुढे त्या देशात शिकायला किंवा नोकरीला जाताना अडचण येते. सैनिकी सेवा वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण दहा वर्षांच्या मुलाच्या वतीने सही करताना बापाला ती माहीत असावी. अमेरिकेत एच-४ वर वाढलेले मूल २१ वर्षांचे झाले की त्या व्हिसातून बाहेर पडते. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे, की बालवाडीत गेलेले मूल पदवीला पोचले तरी घरच्यांचा नंबर लागलेला नसतो. मग त्याला स्वतःचा वेगळा व्हिसा काढावा लागतो.

भाषेचेही सांगतो. अमिरातीतल्या खासगी शाळांत परदेशी मुलांनाही पहिलीपासून नववीपर्यंत अरबी शिकावी लागते. सिंगापूरच्या शाळांत तमिळ आहेच, शिवाय हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या भाषा मातृभाषा म्हणून घेता येतात. मराठी त्या यादीत नाही. मराठी घरातले मूल तिथे बहुधा हिंदी घेते. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तेव्हा हिंदीबद्दल आम्हांस परकेपणा नाही. इंदूरच्या मुलाला ती तिथे उपयोगीच पडेल. पण याचा अर्थ असा, की तिकडे मराठी शाळेत मिळणार नाही, ती घरातच सांभाळावी लागेल. आम्ही हिंदी माध्यमात शिकूनही मराठीत हा लेख लिहू शकतो, कारण घरी आई रोज मराठी वाचायला बसवीत असे. परदेशातल्या आयांनाही आमची हीच विनंती आहे.

कागदपत्रांबद्दल

दर वर्षी एक तरी पालक गुरुवारी येऊन सांगतात, “रविवारचं विमान आहे, टी.सी. आजच द्या.” आम्ही देतो. पण घाईत काढलेले कागद पुढे अडतात. म्हणून निदान तीन महिने आधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, नावे. जन्म प्रमाणपत्र, पासपोर्ट, आधार, समग्र आयडी आणि शाळेचा दाखला यांत मुलाचे नाव एकसारखे आहे का? आपल्याकडे कुठे वडिलांचे नाव मधे असते, कुठे नसते. आईचे नाव कुठे माहेरचे, कुठे सासरचे. इथे कुणी लक्ष देत नाही, पण व्हिसाच्या अर्जात ही दोन वेगळी माणसे ठरतात.

दुसरी, प्रमाणीकरण. भारत २००५ पासून ‘अपोस्टिल’ करारात आहे. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे देश त्यात आहेत आणि सिंगापूर २०२१ मध्ये आले. या देशांसाठी आधी राज्य शासनाचा शिक्का आणि मग विदेश मंत्रालयाचे अपोस्टिल एवढ्यावर भागते. अमिरातीसाठी मात्र त्यापुढे त्यांच्या दूतावासाचाही शिक्का घ्यावा लागतो. जन्म प्रमाणपत्र, विवाह प्रमाणपत्र आणि टी.सी. या तिन्हींना वेळ लागतो.

तिसरी, परतीची फाइल. मुलाच्या प्रत्येक वर्षाची मार्कशीट, प्रत्येक शाळेचा दाखला आणि शिकलेल्या विषयांची यादी एका फाइलमध्ये ठेवावी. इथली आणि तिथलीही. परत येताना ही फाइल हाताशी असलेल्या मुलाचा प्रवेश दोन दिवसांत होतो. ती नसलेल्याला आठवडे लागतात.

देशांचे नियम बदलत असतात. म्हणून अर्ज करण्याआधी त्या देशाच्या सरकारी खात्याकडून किंवा वकिलातीकडून ताजे नियम जरूर पाहावेत. एजंटाची मदत घ्यावी, पण तो सांगेल तेच प्रमाण मानू नये.

विश्वस्त मंडळास विनंती

आजवर आम्ही पालकांना उपदेश केला. शाळेचेही काही कर्तव्य आहे. आमच्या दोन सूचना आहेत. टी.सी.बरोबर इंग्रजीत एक पत्रक द्यावे, त्यात मुलाने कोणत्या वर्षी कोणते विषय शिकले हे लिहिलेले असावे. आणि पहिली ते आठवीच्या प्रत्येक वर्गात परदेशातून परत येणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांसाठी दोन जागा वर्षभर राखाव्यात. खर्चाचा प्रश्न येईल हे आम्ही जाणतो. दोन बाके रिकामी ठेवणे आजच्या काळात सोपे नाही. पण त्या नववीच्या मुलाचा चेहरा आमच्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्याला आम्ही जागा देऊ शकलो, त्याचे वर्ष मात्र देऊ शकलो नाही. लहान वर्गातून परतणाऱ्या मुलांना तरी आपली शाळा दारात उभे ठेवणार नाही, एवढी हमी आपण देऊ शकतो.

शेवटी विद्यार्थी मित्रांना दोन शब्द. तुमच्यापैकी काही जण या जूनमध्ये नसतील. नवीन शाळेत पहिला महिना जड जाईल. उच्चारावरून कुणी हसेल, डबा पाहून कुणी नाक मुरडेल. घाबरू नका. आणि घरात जाण्या-येण्याबद्दल बोलणे चालले असेल, तर तुम्हीही विचारा, “आपण किती वर्षांसाठी चाललो आहोत? आई तिथे काय करणार? परत आलो तर मी कितव्या वर्गात बसणार?” हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. आई-बाबांनी त्यांची उत्तरे शोधली असतील तर ते आनंदाने सांगतील, आणि शोधली नसतील तर तुमच्यामुळे शोधतील.

निघण्याआधी कार्यालयात जरूर या. टी.सी. तर देऊच, पण बसून दोन गोष्टी बोलू. परत आलात तरी याच दारातून या.

आपले नम्र,
प्राचार्य